आधी निकाल, मग नमुना

सोमवार, दुपारचे साडेतीन
(माझ्या मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे. हल्ली कुठलं घड्याळ ते सांगितल्याशिवाय मी वेळ सांगत नाही.)

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (हा शब्दशः घे. सर्व्हरच्या खोलीत टेबल नाही, एक खुर्ची होती ती गेल्या आठवड्यात चौकशी समितीने नेली, म्हणून मी जमिनीवर पालथा पडून, छातीखाली केबलचं भेंडोळं घेऊन लिहितोय. आठही अंगं टेकलेली आहेत, हवं तर मोजून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना कठडा धरतेस ना, की अजून "मला काय झालंय" चालू आहे? भूमितीच्या उदाहरणांचं पुस्तक कुठवर आलं? आणि भिंतीवरचं घड्याळ अजून मागेच पडतंय का? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की रोज सकाळी सातला तू कॉम्प्युटर चालू करतेस, त्यातली वेळ, भिंतीवरची वेळ आणि रेडिओच्या बातम्यांची वेळ अशा तिन्ही वहीत शेजारी शेजारी मांडतेस, आणि दोन वर्षांच्या आकड्यांवरून तू सिद्ध केलंस की भिंतीवरचं घड्याळ आठवड्याला चार मिनिटं खातं, कॉम्प्युटर मात्र महिन्याला जेमतेम अर्धं मिनिट. ते पत्र मी इथे जेवणाच्या सुट्टीत चारचौघांना वाचून दाखवलं आणि आम्ही पोट धरून हसलो. ते हसणं मी मागे घेतो. का, ते पुढे येईलच.

फोन का केला नाही म्हणशील. आत्या, तुला फोन केला की तू पहिलं वाक्य संपायच्या आत "लिहून कळव" म्हणतेस आणि ठेवून देतेस. म्हणून लिहून कळवतोय. हे पत्र आमच्या हॉस्पिटलच्या चादरी धुवायला नेणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर घेऊन येईल. तो तुझ्या गल्लीवरूनच जातो, आणि परतीच्या वाटेवर तासभर थांबायलाही तयार आहे. (गाडी मोठी आहे. मागे भरपूर जागा असते. हे आपलं सहज सांगतोय.) पत्र लिहिण्यामागे काही विशेष काम नाही, फक्त मन मोकळं करायचं आहे. घरात कुणाला सांगायची सोय नाही, आईला सांगितलं तर ती तुलाच फोन करेल आणि तू तिलाही लिहून कळव म्हणशील.

तर आमच्या लॅबमध्ये एक बाई आहेत. सगळे त्यांना नुसतं बाईच म्हणतात, मोठे साहेबसुद्धा. एकतीस वर्षं त्यांनी रक्त तपासलं, कधी उशिरा आल्या नाहीत, कधी लवकर गेल्या नाहीत. त्यांचा चहा साडेदहाला येतो म्हणजे साडेदहालाच येतो, आम्ही त्यावर घड्याळं लावतो. निवृत्तीला चार महिने राहिलेत. अशा या बाईंवर ठपका आलाय की त्या रक्त न तपासताच मनाने आकडे लिहितात. पुरावा काय, तर रिपोर्टवरच्या वेळा. वॉर्डात नर्सने भिंतीवरचं घड्याळ बघून लिहिलं, नमुना घेतला दहा वाजून चाळीस मिनिटांनी, आणि लॅबमधून निकाल सुटला दहा सव्वीसला. म्हणजे रक्त अंगातून निघायच्या चौदा मिनिटं आधीच त्यातली साखर मोजून झाली होती. असे तीन आठवड्यांत त्रेसष्ट रिपोर्ट निघाले. समितीने ते एका फायलीत लावले आणि बाईंना पत्र दिलं: चौकशी संपेपर्यंत कुठल्याही उपकरणाला हात लावू नये. गुरुवारी सकाळी अकराला सुनावणी आहे. निकाल विरुद्ध गेला तर नोकरी तर जाईलच, पण रजिस्टरमधून नावही कापलं जाईल.

बाईंनी ते पत्र वाचलं, घडी घातली आणि विचारलं, यात येऊ नये असं कुठे लिहिलंय? कुठेच लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून त्या रोज वेळेवर येतात, इस्त्रीचा पांढरा कोट घालतात आणि लॅबसमोरच्या बाकावर दिवसभर बसून राहतात. सकाळी रुमालाने बाक पुसतात. साडेदहाला चहा घेतात. येणारेजाणारे मान खाली घालून जातात. मला सर्व्हरच्या खोलीत यायला त्याच बाकासमोरून यावं लागतं, आणि गेले आठ दिवस मी मागच्या जिन्याने, धुण्याच्या खोलीतून, ओल्या चादरींखालून वाकून येतोय. (तू मला धांदरट म्हणतेस. आज भित्राही म्हण.)

कारण आत्या, मला माहीत आहे की चूक बाईंची नाही. घड्याळाची आहे. आणि ते घड्याळ मी बसवलंय.

आता जरा तांत्रिक येईल, पण तू गणिताची बाई आहेस, झेपेल. लॅबचा प्रोग्रॅम फार जुना. तो एका जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच चालतो, दुसऱ्या कुणाचं अन्न त्याला पचत नाही. दोन वर्षांपूर्वी तो ज्या मशीनवर होता त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला. मग मी ते सगळं उचलून, जसंच्या तसं, व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकलं. व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय? एक मोठं खरं मशीन असतं आणि त्याच्या पोटात दहाबारा खोटी मशीनं. एका मोठ्या खोलीत पडदे लावून दहा बिऱ्हाडं राहावीत, आणि प्रत्येकाला वाटावं की आपलं स्वतंत्र घर आहे, तसं. घरमालक प्रत्येकाला पाळीपाळीने क्षणभर काम करू देतो. पाळी नसेल तेव्हा बिऱ्हाड झोपलेलं असतं, आणि आपण झोपलो होतो हे त्याला कळतही नाही. जुनी सिस्टिम बिचारी जागेपणीचेच ठोके मोजते. दोन वर्षं घरात गर्दी नव्हती, सगळं सुरळीत चाललं. गेल्या महिन्यात मी त्याच घरात एक्स-रेचं नवीन बिऱ्हाड आणून बसवलं. ते सकाळी नऊपासून फोटोंचे ढीग उपसतं, आणि लॅबचं घड्याळ तिथल्या तिथे पेंगायला लागतं. दुपारपर्यंत गर्दी ओसरते, घड्याळ मालकाकडून वेळ विचारून घेतं आणि एकदम बरोबर होतं. समिती तपासायला आली ती तीन वाजता. घड्याळ सेकंदाला बरोबर होतं.

मी गप्प बसलो असं समजू नकोस. (थोडा बसलो. एक आठवडा.) मग समितीच्या अध्यक्षांना सकाळी दहाला हाताला धरून आणलं आणि दाखवलं, बघा, अकरा मिनिटं मागे. ते म्हणाले, घड्याळ कुणीही मागे करू शकतं, तुम्हीही करू शकता, कंपनीचं लेखी आणा. आणि समोर एक कागद ठेवला. आत्या, तो कागद माझाच होता. व्हर्च्युअल मशीन सुरू केलं तेव्हा मी भरलेला अर्ज. त्यात एक रकाना आहे, कंपनीच्या आधाराची, म्हणजे सपोर्टची, पातळी. त्यापुढे माझ्या अक्षरात लिहिलंय: पूर्ण. खाली सही. अध्यक्ष म्हणाले, पूर्ण आधार आहे ना, मग एक पत्र मिळवायला कितीसा वेळ लागणार? मी म्हटलं, नाही, नाही लागणार, आणि बाहेर येऊन जिन्यावर बसलो.

त्या दिवशी मी कंपन्यांचा आधाराचा तक्ता पहिल्यांदा वाचला. पहिल्यांदाच म्हणायचं, कारण अर्ज भरताना मी तक्त्यात फक्त "चालतं" एवढा शब्द बघितला होता आणि पुढे गेलो होतो. तू वर्गात घसा फोडून सांगायचीस, प्रश्न पूर्ण वाचा. तर तक्त्यात तीन पातळ्या आहेत. पहिली, पूर्ण आधार: बिघडलं तर आम्ही बघू, दुरुस्त करू, लेखी देऊ. दुसरी, जमेल तसा आधार: ऐकून घेऊ, पण तोच बिघाड खऱ्या मशीनवर करून दाखवा, मग बघू. तिसरी: चालत असेल तर चालवा, आमचा संबंध नाही. आपलं जुनं लेकरू तिसऱ्या पातळीवर आहे. त्यातून कंपन्या दोन, एक सिस्टिमची आणि एक व्हर्च्युअल मशीनची. मी त्यांना आतली आणि बाहेरची म्हणतो. आतली म्हणते, आमची सिस्टिम खऱ्या मशीनवर उत्तम चालते, तुम्ही ती खोट्यात घातलीत, बाहेरच्यांना विचारा. बाहेरची म्हणते, आम्ही घर दिलं, पाहुणा तुमचा, तो पेंगतो तर आतल्यांना विचारा. चार दिवस मी या दोघींच्या मध्ये चेंडूसारखा फिरलो. बाहेरच्या कंपनीत एक गोड आवाजाच्या ताई आहेत, त्या दर वेळी सांगतात की तुमची अडचण आम्हाला समजते, आणि नवीन तक्रार क्रमांक देतात. माझ्याकडे आता नऊ क्रमांक आहेत. एकदा मी चिडून म्हटलं, ताई, इथे एका बाईंची एकतीस वर्षं पणाला लागलीत. पलीकडे टकटक टायपिंग सुरू झालं आणि थांबलं. मग त्या हळूच म्हणाल्या, ही ओळ लिहून घ्यायला आमच्या फॉर्ममध्ये जागा नाही.

पण ताई वाईट नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला. म्हणाल्या, वरिष्ठांशी बोललेय. तोच प्रोग्रॅम, तीच सिस्टिम खऱ्या मशीनवर सकाळभर शेजारी चालवा. खऱ्याचं घड्याळ बरोबर राहिलं आणि खोट्याचं मागे पडलं, तर या मांडणीत घड्याळ मागे पडू शकतं असं आम्ही लेखी देऊ. आणि फॉर्म पाठवला. त्यात पहिलीच ओळ: बिघाड कसा घडतो ते पायरीपायरीने दाखवा. मला एकदम तू आठवलीस, उत्तर बरोबर असूनही पायऱ्या नाहीत म्हणून मला अर्धेच गुण देणारी.

मग सुरू झाला खऱ्या मशीनचा शोध. भांडारवाल्या काकांकडे गेलो, की लॅबचं जुनं मशीन भंगारात असेल तर द्या. त्यांनी चष्मा लावून नोंदवही काढली आणि सांगितलं की ते दोन वर्षांपूर्वीच कुणीतरी सही करून नेलंय. सही वाचता येत नव्हती. मग दातांच्या विभागातलं एक जुनं मशीन उचललं. उघडलं तर आत वाळलेली पाल. ती काढून, पुसून, तिथेच भिंतीत पिन खुपसली, तर फट्‌ असा आवाज होऊन सगळ्या विभागाची वीज गेली, आणि दातांची खुर्ची निम्मी आडवी होऊन तशीच अडकली. खुर्चीत एक निवृत्त हेडमास्तर होते. तोंडात कापसाचे बोळे, वरून डॉक्टरांचा हात. त्या अवस्थेतही त्यांनी माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं, बोळे काढल्यावर कळलं की मी कुठल्या शाळेचा हे त्यांना हवं होतं. (मी सांगितलं नाही. तुझी शाळा आहे ती.) बरं, मशीन मिळालं तरी प्रोग्रॅम कुठून आणणार? त्याची मूळ सीडी सापडत नाही आणि तो करणारी मंडळी धंदा गुंडाळून गेली. म्हणजे तो जिथे आधीपासून बसवलेला आहे असं मशीनच पाहिजे.

शनिवारी मी आणखी एक शहाणपणा केला. म्हटलं, खोट्या घड्याळाला आपणच हाकू. दर पाच मिनिटांनी त्याला पुढे ढकलणारी एक आज्ञा लिहून ठेवली आणि जेवायला गेलो. इकडे गर्दी ओसरली, घड्याळ मालकाकडून वेळ घेऊन स्वतःच बरोबर झालं, पण माझी आज्ञा त्याला ढकलतच राहिली. (मालक मागे पडलेल्याला पुढे ओढतो, पुढे पळालेल्याला मागे आणत नाही.) रविवार तसाच गेला. आज सकाळी रिपोर्टवर मंगळवार छापून आला. एक आजोबा कागद घेऊन खिडकीशी आले आणि फार शांतपणे विचारायला लागले, की उद्या माझं रक्त घेतलेलं दिसतंय, तर उद्या मी यायचं की नाही? खिडकीवरची मुलगी हसली. मीही हसलो असतो, पण समोर बाई बसल्या होत्या. त्यांनी आजोबांना बोलावलं, कागद बघितला, आणि सांगितलं की आकडे बरोबर आहेत, तारखेकडे लक्ष देऊ नका. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. आत्या, रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी आपलं, नळ गळतोय का बघावं, तसं बघितलं. त्यांना कळलंय. घड्याळ माझं आहे हे त्यांना कळलंय, आणि त्या कुणाला काही बोललेल्या नाहीत.

असो. एवढंच सांगायचं होतं. तू काळजी करू नकोस. गुडघ्याला तेल लाव, कठडा धर, आणि ड्रायव्हरला पाणी दे, त्याला उन्हातून यावं लागतं.

आजपासून तरी प्रश्न पूर्ण वाचणारा,
तुझा भाचा

ता. क. काम नाही असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. ड्रायव्हरजवळ तुझा कॉम्प्युटर दे. पडद्यासकट नको, फक्त डबा. भरतकाम केलेलं झाकणही काढून ठेव, इथे मळेल. भूमितीच्या पुस्तकाला धक्का लागणार नाही, पहिल्यांदा त्याची नक्कल करेन आणि मगच पुढे हात लावेन. आणि ती घड्याळाची वही दे. रोज सकाळचे तीन आकडे, दोन वर्षं, तुझ्या अक्षरात. समितीसमोर कंपनीच्या पत्रापेक्षा ती वही वजनदार ठरेल अशी मला आशा आहे.

दुसरा ता. क. तुझाच कॉम्प्युटर का, हा प्रश्न तू आत्तापर्यंत समासात लाल शाईने लिहिला असशील. नोंदवहीतली सही वाचता येते. माझीच आहे. काकांकडे गेलो होतो ते आणखी कुणाला आठवतंय का बघायला. तुझ्या एकसष्टीला मी जे "नवीन" मशीन आणलं, ते नवीन नव्हतं. पंखा बदलला, खोका पुसला, आणि बाजूला ते फुलांचं स्टिकर लावलं. त्याखाली हॉस्पिटलचा क्रमांक आहे, नखाने खरवड, दिसेल. रोज चालू करताना ते तुला "नमुना क्रमांक द्या" असं विचारतं, आणि मी तुला सांगितलं होतं की नवीन मशीनं अशीच स्वागत करतात, तेही खोटं. तो लॅबचा प्रोग्रॅम आहे. मी तो पुसायचा कंटाळा केला. त्या कंटाळ्यावर आता बाईंची अब्रू उभी आहे. तू रागावणार हे उघड आहे, पण रागाव शुक्रवारी. गुरुवारी अकराला मशीन इथे हवं, आणि त्याआधी एक अख्खी सकाळ ते चालायला हवं, म्हणजे उद्या संध्याकाळपर्यंत पोचायला हवं.

तिसरा ता. क. पत्र बंद करून ड्रायव्हरकडे निघालो होतो, पुन्हा उघडलं. तुझं मशीन बरोबर चाललं की कंपनी लेखी देईल की घड्याळ मांडणीमुळे मागे पडलं, आणि ती मांडणी तिसऱ्या पातळीची होती. बाई सुटतील. मग समिती विचारेल, अर्जावर "पूर्ण" कुणी लिहिलं? इतके दिवस मी असं मशीन शोधत होतो ज्याने बाई सुटतील आणि अर्ज कुणाच्या लक्षात येणार नाही. असं मशीन नाही, आत्या. तू मला मशीन नाकारलंस तर मला पळवाट मिळेल आणि मी ती घेईन, हे मला स्वतःबद्दल माहीत आहे. म्हणून आत्ताच अर्जाची नवी प्रत लिहिली, "पूर्ण" च्या जागी "आधार नाही, न वाचता लिहिले होते" असं लिहिलं, सही केली, आणि मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो. वरून त्यांची पोच घेतली.

तिथून येताना मागचा जिना घेतला नाही. बाकापाशी थांबलो. बाईंना काय सांगायचं ते पाठ केलं होतं, ते सगळं विसरलो, नुसता उभा राहिलो. त्या जरा सरकल्या. मी बसलो. मग त्यांनी माझं मनगट धरलं, घड्याळ बघितलं, आणि म्हणाल्या, दोन मिनिटं मागे आहे, लावून घे.